गोचिडातला नवा विषाणू शोधायचा कसा: गाईच्या कानापासून जनुकक्रमापर्यंत

पुण्याच्या वानवडीत १९५४ साली मेंढ्यांच्या अंगावरून काढलेल्या हायलोमा जातीच्या गोचिडांतून एक विषाणू वेगळा केला गेला. त्याच्या नावात आजही वानवडी आहे. त्याच दशकात ओडिशाच्या गंजम जिल्ह्यातल्या शेळ्यांवरच्या गोचिडांनी गंजम आणि भांजा हे विषाणू दिले. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, तेव्हा पुण्याच्याच विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) माकडतापाचा विषाणू शोधला. त्या काळची पद्धत अशी: गोचीड कुटायचे, अर्क नुकत्या जन्मलेल्या उंदरांच्या मेंदूत टोचायचा आणि पिल्लं आजारी पडतात का ते पाहायचं. जो विषाणू उंदराला आजारी पाडत नाही तो हाती लागतच नसे.

आता गोचिडातलं सगळं आरएनए थेट वाचता येतं. त्यामुळे अडचण उलटी झाली आहे. संगणकावर ‘विषाणूसारखं काहीतरी’ पहिल्याच फेरीत दिसतं. ते खरोखर गोचिडात जगणारा विषाणू आहे हे दाखवायला मात्र महिने जातात, आणि त्यासाठी लागणारा पुरावा गोठ्यातच गोळा केलेला असावा लागतो. तिथे राहिलेली उणीव पुढे कुठलंही सॉफ्टवेअर भरून काढत नाही. पशुवैद्यकीय आणि जीवशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ही सगळी वाट इथे क्रमाने दिली आहे.

गोचीड कोणता, हे आधी

गाईवर सर्वांत जास्त सापडतो तो ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस (जुन्या पुस्तकांत बूफिलस). हा एकयजमानी गोचीड आहे. अळी गाईवर चढते, तिथेच कात टाकून पिल्लू होते, तिथेच प्रौढ होते, आणि साधारण तीन आठवड्यांनी फुगलेली मादी जमिनीवर पडते ती अंडी घालायलाच. म्हणजे तिच्यात सापडलेला विषाणू एकतर आईकडून अंड्यातून आला किंवा याच गाईच्या रक्तातून. या दोन शक्यता वेगळ्या काढणं हा अर्धा अभ्यास आहे, आणि त्याचा एक सोपा उपाय पुढे येतो.

हायलोमा ॲनाटोलिकम यजमान बदलतो, त्यामुळे तो एका जनावराचा विषाणू दुसऱ्याकडे नेऊ शकतो. कोकण आणि गोव्याच्या जंगलपट्ट्यात हिमाफायसॅलिस भेटतो. त्यातली स्पिनिजेरा ही जात माकडतापाची मुख्य वाहक. गाय-बैल जंगलात चरून येत असतील तर एकाच जनावरावर दोन-तीन जाती मिळणारच.

सुरक्षितता: यात सूट नाही

काँगो तापाचा विषाणू हायलोमा गोचिडांतून येतो आणि २०११ मध्ये गुजरातेत त्याने माणसं दगावली. माकडताप २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात पोचला. म्हणून हातातला प्रत्येक गोचीड धोकादायक आहे असंच धरून चालायचं.

नायट्राइलचे दोन हातमोजे, फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, पँट मोज्यात खोचलेली. गोचीड बोटांनी चिरडायचा नाही, नखाने तर नाहीच. काम संपल्यावर एकमेकांची मान, काखा आणि कंबर तपासायची. गोचीड कापणं, कुटणं हे सगळं द्वितीय श्रेणीच्या जैवसुरक्षा कपाटात. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी आधी घ्या. गाईचं रक्तही घेणार असाल तर प्राणी नैतिकता समितीचीही लागते. मालकाची लेखी संमती दोन्ही वेळा हवी.

कोवळ्या उंदरांत किंवा पेशींमध्ये विषाणू वाढवण्याचा प्रयत्न महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करू नका. त्याआधीच्या सगळ्या पायऱ्या, गोचीड थेट ट्रायझॉलमध्ये कुटले तर, साध्या सोयींत होतात. ट्रायझॉल हे आरएनए काढण्याचं रसायन विषाणू निष्क्रिय करतं.

गोठ्यात

पहाटे जा. मायक्रोप्लसच्या फुगलेल्या माद्या बहुतेक सकाळच्या आतच गळून पडतात, उशीर झाला की त्या शेणात आणि फटींत गेलेल्या असतात. धार काढून झाल्यावर गाय शांत असते. दावं आखूड करा आणि मालकाला तिच्या तोंडाशी उभं राहायला सांगा. मग ठरलेल्या जागा ठरलेल्या क्रमाने पाहा: कानाच्या आतली घडी, गळ्याखालची पोळी, पुढच्या पायांच्या काखा, कास आणि जांघा, शेपटीच्या बुडाखाली, शेवटी खुरांच्या बेचक्या.

बोथट टोकाचा वाकडा चिमटा घ्या. गोचिडाचं तोंड कातडीत रुतलेलं असतं, तिथे अगदी लगत पकडून सरळ वर ओढा. पिळू नका, मुंडकं तुटून आत राहतं. गावात कुणीतरी रॉकेल किंवा गोडेतेल लावायला सुचवेल. नम्रपणे नाही म्हणा, कारण त्याने गोचीड गुदमरतो, पोटातलं बाहेर टाकतो, आणि नमुन्यातलं आरएनए खराब होऊ लागतं.

पहिला प्रश्न मालकाला हा विचारा: शेवटची फवारणी कधी केली आणि कशाची? डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, ॲमिट्राझची फवारणी किंवा आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन नुकतंच झालं असेल तर मिळतील ते गोचीड मेलेले किंवा मरणपंथाला लागलेले. मेलेला गोचीड जात ओळखायला चालतो, आरएनएसाठी नाही. पाय हलत नसतील तर वेगळ्या कुपीत टाका.

एका गाईवरून पाचपेक्षा जास्त घेऊ नका. एकाच मादीची शेकडो पिल्लं एका गाईवर असतात, म्हणजे पन्नास गोचीड घेऊनही हाती एकच कुटुंब येतं. शंभरात एका गोचिडात असलेला विषाणू ९५ टक्के खात्रीने पकडायचा तर सुमारे ३०० गोचीड लागतात, आणि तेही वेगवेगळ्या गोठ्यांतले.

प्रत्येक गाईची एक कुपी, प्रत्येक कुपीला पेन्सिलीने लिहिलेली कागदी चिठ्ठी आत. बाहेरची शाई अल्कोहोलने पुसली जाते. वहीत तारीख, गाव, तालुका, जनावराची जात (गावठी, खिल्लार, संकरित), वय, अंगावरची जागा, चरायला कुठे जातं, शेजारी शेळ्या-मेंढ्या किंवा कुत्री आहेत का, फवारणी कधी झाली. मालकाचं नाव वेगळ्या वहीत ठेवा. ते प्रकाशित माहितीत जाता कामा नये.

आता तो सोपा उपाय. प्रत्येक गावातून चार-पाच पूर्ण फुगलेल्या माद्या जिवंत आणा. एरंडाच्या बीएवढी, राखाडी-हिरवट, टणक अशी मादी निवडा. कापसाच्या बोळ्याने बंद केलेल्या काचेच्या नळीत एकेक ठेवून २७ ते २८ अंश सेल्सियसला, ८५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेत ठेवा. बंद डब्यात पोटॅशियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण ठेवलं की ही आर्द्रता आपोआप टिकते. तीन-चार दिवसांनी ती अंडी घालू लागते. तपकिरी, चकचकीत, खसखशीच्या दाण्यांसारखा ढीग तिच्या तोंडाशी जमतो, अंडी दोन-तीन हजार तरी असतात. सुमारे तीन आठवड्यांनी अळ्या फुटतात. या अळ्यांनी गाईच्या रक्ताचा थेंब चाखलेला नसतो. विषाणू त्यांच्यात सापडला तर तो अंड्यातून आला, म्हणजे गोचिडाचाच आहे हे सांगणारा एवढा स्वस्त पुरावा दुसरा नाही. बोळा घट्ट बसवा आणि नळ्या पाण्याने भरलेल्या ताटात उभ्या ठेवा. निसटलेल्या अळ्या पाणी ओलांडत नाहीत.

थंड साखळी

उरलेल्या गोचिडांचं आरएनए उन्हात काही तासांत तुटू लागतं. सगळ्यात चांगला मार्ग द्रव नायट्रोजन, आणि तो गावात मिळतो: कृत्रिम रेतन केंद्रांवर रेतमात्रा त्यातच ठेवलेल्या असतात. तीन लिटरचं स्वतःचं भांडं नेऊन तिथून भरून घेण्याची व्यवस्था आधी करा. रेतमात्रांच्या भांड्यात गोचिडांची कुपी कधीही सोडू नका. एखादी कुपी फुटली तर रोगजंतू थेट रेतमात्रांत जाऊ शकतात.

नायट्रोजन नसेल तर गोचीड जिवंतच आणा. कुपीत ओलसर टिपकागदाची पट्टी, तोंडाला मलमल, आणि कुपी थर्मोकोलच्या डब्यात बर्फापासून कापडाने अलग ठेवलेली. ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचून उणे ८० अंशांत गोठवा. आरएनए-लेटरसारखं द्रावण वापरणार असाल तर गोचीड आधी कापावा लागतो. त्याचं कवच इतकं घट्ट असतं की अख्खा बुडवला तर द्रावण आत शिरत नाही, आणि आठवड्याभराने कुपी स्वच्छ दिसते पण आतलं आरएनए गेलेलं असतं.

ओळख, धुणं, गट

बर्फावर ठेवलेल्या काचेच्या थाळीत, स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. मायक्रोप्लसचे स्पर्शक आखूड, मुंडक्याचा पाया षट्कोनी, पाठीच्या कडेला झालर नाही, नराला मागे छोटी शेपटी. हायलोमाचे स्पर्शक लांब, पायांवर फिकट कडी. हिमाफायसॅलिसला डोळे नाहीत आणि स्पर्शकांचा दुसरा भाग बाजूला फाकलेला. प्रत्येक गावातले दोन-तीन गोचीड ७० टक्के अल्कोहोलमध्ये साक्षीदार नमुने म्हणून कायमचे ठेवा. भारतातल्या मायक्रोप्लसमध्ये जनुकीयदृष्ट्या वेगळे गट आहेत, त्यामुळे नुसत्या डोळ्यांवर न थांबता सीओआय किंवा १६एस या जात ओळखण्याच्या जनुकांनी खात्री करा.

धुणं: ७० टक्के अल्कोहोलमध्ये एक मिनिट, मग निर्जंतुक फॉस्फेट-सलाइनमध्ये तीनदा. शेवटच्या धुण्याचं पाणी फेकू नका, ते नियंत्रण नमुना म्हणून पुढे न्यायचं आहे.

गट म्हणजे एका नळीत एकत्र कुटायचे गोचीड. ते करताना गाव, जात, लिंग, अवस्था मिसळायची नाही. न फुगलेले प्रौढ ५ ते १०, पिल्लं २० पर्यंत, अळ्या ५० च्या आसपास. प्रौढ गोचीड बर्फावर निर्जंतुक पात्याने उभा चिरा. एक अर्धा गटात, दुसरा स्वतःच्या क्रमांकाच्या नळीत उणे ८० ला. पुढे गटात विषाणू सापडला की तो नेमका कोणत्या गोचिडाचा हे याच अर्ध्यातून कळतं. कंटाळवाणं काम आहे, पण यावाचून मिळालेला गटाचा निकाल पांगळा राहतो. फुगलेली मादी अख्खी कुटू नका. तिच्यात गाईचंच आरएनए भरलेलं असतं. थंड सलाइनमध्ये तिची लाळग्रंथी आणि आतडं वेगळं काढा.

आरएनए काढणं

स्क्रू-झाकणाच्या दोन मिलि नळीत गट, तीन मिलिमीटरचे दोन पोलादी मणी आणि १ मिलि ट्रायझॉल. ३० हर्ट्झवर दोन मिनिटं, बर्फावर एक मिनिट, पुन्हा दोन मिनिटं. दाबून बसणाऱ्या झाकणाची नळी इथे फुटते, वापरू नका. १२,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या पट) बलाने ४ अंशांत १० मिनिटं फिरवून कवचाचा चोथा खाली बसवा. वरच्या द्रावात २०० मायक्रोलिटर क्लोरोफॉर्म, १५ सेकंद हलवा, तीन मिनिटं थांबा, पुन्हा १५ मिनिटं फिरवा. वरच्या थरातून ४०० मायक्रोलिटरच घ्या. शेवटच्या थेंबाच्या लोभात मधला पांढरा थर आला की डीएनए आणि प्रथिनं सोबत येतात. ५०० मायक्रोलिटर आयसोप्रोपेनॉल, २० मायक्रोग्रॅम ग्लायकोजेन, ७५ टक्के अल्कोहोलने दोन धुणी, ३० मायक्रोलिटर पाण्यात विरघळवा, मग डीएनेज.

विषाणूंसाठीच्या तयार किटमधलं वाहक आरएनए वापरू नका, ते जनुकक्रमात घुसून वाचनं खाऊन टाकतं. द्रावण लालसर दिसलं तर रक्तातलं हीम उरलं आहे आणि पुढची विकरं चालणार नाहीत, पुन्हा स्वच्छ करा. आणखी एक गोंधळ: अनेक संधिपाद प्राण्यांत रायबोसोमचं २८एस आरएनए तापवल्यावर मधोमध तुटून १८एसच्या शेजारी येतं. यंत्र आरएनएचा दर्जा वाईट दाखवतं, पण नमुना चांगला असू शकतो. आलेख डोळ्यांनी पाहून ठरवा.

प्रत्येक फेरीत एक नळी फक्त पाण्याची. ती मणी टाकण्यापासून जनुकक्रम वाचेपर्यंत सगळ्यांबरोबर जाते.

जनुकक्रम वाचन

पॉली-ए शेपटीवर (आरएनएच्या टोकाची ‘ए’ अक्षरांची रांग) आधारलेली निवड करू नका. फ्लेव्हिव्हायरस आणि बुन्यावर्गीय विषाणूंना ती शेपटी नसते, म्हणजे जे शोधायचं तेच गाळणीतून जाईल. संपूर्ण आरएनए घ्या आणि रायबोसोमचं आरएनए कमी करा. माणूस-उंदरांसाठी बनवलेले किट गोचिडाचं आरएनए नीट काढत नाहीत, म्हणून एका नमुन्यावर चाचणी घेऊन मगच सगळे लावा. प्रत्येक गटाला १५० बेसची जोडवाचनं (तुकड्याची दोन्ही टोकं वाचणारी), निदान ४ कोटी. दोन्ही टोकांना एकमेव निर्देशांक (नमुना ओळखण्याची खूण) लावून घ्या, हे सेवा देणाऱ्याला लेखी सांगा.

संगणकावरचा क्रम: फास्टपीने छाटणी, सॉर्टमीआरएनएने रायबोसोम बाजूला, मेगाहिट किंवा आरएनएस्पेड्सने जुळणी, आणि जुळलेले तुकडे डायमंडने प्रथिनांच्या भांडाराशी ताडणं. डीएनए-पातळीवर ताडू नका. नव्या विषाणूचं पॉलिमरेज (स्वतःच्या आरएनएची नक्कल करणारं विकर) ओळखीच्या नातेवाइकाशी ३०-४० टक्केच जुळत असेल, ते प्रथिनातच दिसतं. गाईच्या आणि गोचिडाच्या जनुकसंचाशी जुळणारी वाचनं आधीच काढून टाकू नका, खूण करून ठेवा. पॉलिमरेजमधला सी आकृतिबंध डोळ्यांनी शोधा: फ्लेव्हिव्हायरसवर्गात जीडीडी, बुन्यावर्गात एसडीडी, ऱ्हॅब्डोवर्गात जीडीएन.

खंडित जनुकसंचाची गंमत जिंगमेन विषाणूत कळते. चीनच्या हुबेई प्रांतात २०१० मध्ये गोळा केलेल्या याच मायक्रोप्लस गोचिडांतून तो मिळाला आणि २०१४ मध्ये जाहीर झाला. त्याचे चार तुकडे. दोन फ्लेव्हिव्हायरसच्या प्रथिनांशी जुळतात, उरलेले दोन ओळखीच्या कुठल्याही विषाणूशी जुळत नव्हते. असे ‘अनाथ’ तुकडे शोधायचे तर कोणते तुकडे त्याच गटांत पॉलिमरेजबरोबर दिसतात आणि नसतात तेव्हा बरोबरच नसतात, ते तक्त्यात मांडा. टोकांचे क्रम सारखे आहेत का तेही पाहा.

खोटे विषाणू

इथे घाई केली की पुढचं सगळं वाया जातं.

पहिला संशय रसायनांवर. २०१३ मध्ये रुग्णांच्या नमुन्यांत सापडलेला एक ‘नवा’ पार्व्होसारखा विषाणू अखेर आरएनए-डीएनए गाळण्याच्या सिलिका नळ्यांतून आलेला निघाला. पाण्याच्या नळीत तोच क्रम असेल तर तो तुमचा शोध नाही.

दुसरा शेजारच्या नमुन्यावर. एका गटात एका विषाणूची लाखभर वाचनं असतील तर त्याच फेरीतल्या दुसऱ्या गटातली पन्नास वाचनं गळती असू शकतात. सर्वाधिक गटाच्या ०.१ टक्क्याखालचं काहीही वेगळा पुरावा मिळेपर्यंत धरू नका.

तिसरा गोचिडाच्या स्वतःच्या जनुकसंचावर. जुन्या काळी शिरलेल्या विषाणूंचे तुकडे तिथे कायमचे बसलेले असतात आणि त्यांचं आरएनएही बनतं. वाचनचौकटीत मध्येच थांबा-संकेत, एकच जनुक, बाकी जनुकसंच नाही, अशी चिन्हं असतील तर त्याच गोचिडाच्या डीएनएवर, उलट प्रतिलेखन (आरएनएवरून डीएनए बनवणं) न करता पीसीआर लावा. पट्टी आली तर तो तुकडा जनुकसंचातलाच.

चौथा संशय यजमानावर. पेस्टिव्हायरस किंवा हिपॅसिव्हायरस गाईच्या रक्तातला असू शकतो. आतड्यातल्या थायलेरिया-बबेशिया या परजीवींचे, बुरशीचेही विषाणू असतात. इथे त्या रक्त न चाखलेल्या अळ्या कामी येतात.

पाचवं, सगळी वाचनं जुळलेल्या तुकड्यावर परत बसवून पाहा. मध्येच वाचनांची उंची एकदम पडत असेल तर सॉफ्टवेअरने दोन वेगळे क्रम शिवले आहेत.

पक्कं करणं आणि नाव

जपून ठेवलेल्या अर्ध्या गोचिडांतून नव्याने आरएनए काढून, तुमच्या क्रमावर बेतलेल्या प्रायमरनी आरटी-पीसीआर करा आणि सँगर पद्धतीने वाचा. क्रमाची टोकं रेस (टोकांचा क्रम वाढवून वाचण्याच्या) पद्धतीने पूर्ण करा. प्रमाण काढताना उदाहरण घ्या: १० चे ५० गट, ४ सकारात्मक. किमान संसर्गदर ४ भागिले ५००, म्हणजे ०.८ टक्के. एका गटात एकापेक्षा जास्त बाधित असू शकतात हे धरणारं गणित ०.८३ देतं. बाधित गट वाढले की हा फरक मोठा होतो, तेव्हा दुसरंच वापरा.

पॉलिमरेजची प्रथिनं मॅफ्टने ओळीत लावा, आयक्यू-ट्रीने वंशवृक्ष काढा. विषाणूची जात वेगळी आहे का हे आंतरराष्ट्रीय विषाणू वर्गीकरण समितीचे त्या कुळाचे निकष ठरवतात. उदाहरणार्थ फ्लेबोव्हायरसांत पॉलिमरेज ९५ टक्क्यांपेक्षा कमी जुळावं लागतं. मायक्रोप्लसमधून जिंगमेन, लिहान, वुहान टिक व्हायरस आणि ब्राझीलचा मोजियाना हे आधीच नोंदलेले आहेत. तुमचा ‘नवा’ त्यांच्यातलाच नवा प्रकार निघण्याची शक्यता जास्त, आणि महाराष्ट्रातून तशी नोंद होणंही मोलाचं आहे. गावाचं नाव देताना विचार करा, त्या गावच्या दुधाच्या विक्रीवर त्याचा परिणाम होऊ शकतो. जुळलेला क्रम जेनबँकेत आणि कच्ची वाचनं फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रात जमा करा.

क्रम सापडला म्हणजे रोग सापडला असं नाही. गोचिडांतले बरेचसे विषाणू गाईला किंवा माणसाला काही करतात याचा पुरावा नाही. ते ठरवायला गाईंच्या रक्तातली प्रतिपिंडं, जिवंत विषाणू वेगळा करणं आणि आजारी जनावरांशी तुलना लागते. हे काम उच्च सुरक्षेच्या प्रयोगशाळेचं, पुण्याच्या राष्ट्रीय संस्थेसारख्या ठिकाणी. वाढवण्यासाठी नमुना हवा असेल तर तोही आधीपासून ट्रायझॉलबाहेर, उणे ८० ला ठेवलेला हवा. ते अर्धे गोचीड इथे तिसऱ्यांदा उपयोगी पडतात.

ज्यांच्या गोठ्यात गेलात त्यांना निकाल मराठीत, एका पानावर लिहून द्या: गोचीड कोणत्या जातीचे निघाले, काय सापडलं, जनावराच्या तब्येतीशी त्याचा संबंध दिसलेला नाही, आणि गोचीड काढताना हाताने चिरडू नका. विषाणूच्या नावाआधी ही शेवटची सूचना मोठ्या अक्षरात छापा.